मागची काच

एकतीस वर्षं मी हॅडॉक कापले
पीटरहेडच्या बंदरावर, तिसऱ्या शेडमध्ये,
मिनिटाला नऊ. बोटं गोठली तर आठ.
मासा म्हणजे डाव्या हाताची पकड, सुरी,
आणि उजवीकडची बादली.
तो काय खातो, हे मला कुणी विचारलं नव्हतं.
पोटात जे निघायचं
ते पाइपच्या पाण्याने गटारात जायचं.

आणि आता तू.
करंगळीएवढा, निळा, त्यावर नारिंगी रेघोट्या,
जणू एखाद्या पोराने
नवे खडू तुझ्यावरच संपवले.
अंगाला एक खवला नाही.
पोहतोस कसला, चालतोस,
परांवर रेलत, भाडं वसूल करायला आल्यासारखा,
हा दगड बघ, तो दगड बघ,
आणि मी सोडलेला घास
बघून न बघितल्यासारखा.

दाइनियस जाताना म्हणाला होता,
"मोरॅग, फार काही नाही, फक्त याच्या खाण्याचं बघा."
फक्त!
तीन बॅगा घेऊन तो क्लाइपेडाला गेला,
दोन आठवड्यांचं भाडं बाकी,
आणि माझ्या पुढच्या खोलीत शंभर लिटर समुद्र.
खिडकीबाहेर फुकटचा समुद्र पडलाय,
पण त्यात तू एक तास टिकणार नाहीस.

गोठवलेली कोळंबी किसून दिली.
आर्टेमियाची अंडी बाटलीत घालून
स्वयंपाकघरातल्या हीटरपाशी उबवली.
पंप बंद करून, पिचकारीने,
थेंब थेंब तुझ्या तोंडाशी नेलं.
शंखातल्या खेकड्याने खाल्लं.
गोगलगाय रात्रीतून येऊन खाऊन गेली.
तू एकदा घेतलंस तोंडात. मी श्वास धरला.
थुंकलास.

आमच्या आयलीनने असंच केलं होतं, एकसष्ट साली,
ओटची लापशी, याच टेबलावर.
आईने तीच वाटी
दुपारी ठेवली, संध्याकाळी ठेवली,
दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुकाट्याने खाल्ली.
तुझ्याशी तसा हट्ट चालत नाही.
तुझं उष्टं पाण्यातच विरतं
आणि पाणीच विष होतं.

मग ॲबर्डीनहून पोस्टाने बाटली मागवली.
अठरा पौंड.
पाण्यात नुसती धूळ, पण ती धूळ उड्या मारत होती.
तू टिपलीस, एकेक कण, मान तिरकी करून,
सोनार वजन करतो तसा.
दोन दिवसांत सगळी संपली.
पेन्शन यायला नऊ दिवस होते.
तुझं पोट खपाटीला,
पाठीमागून बघितलं की कण्याची धार दिसायची.
ती धार मला ओळखता येते.

दर रविवारी मी चारही काचा घासायचे.
सवय. शेडमधल्या टेबलावर
एक खवला राहिला तर फोरमन बोलायचा.
फेब्रुवारीत खांदा आखडला,
हात वर जाईना.
तीन रविवार मागची काच तशीच राहिली,
हिरवी, मग तपकिरी, बुळबुळीत.
लाज वाटून मी त्या बाजूला पडदा ओढला.

एका रात्री खांद्याने झोपू दिलं नाही.
टॉर्च घेऊन पाणी बघायला आले,
पडदा सारला,
काचेवर त्या शेवाळात
पांढरे ठिपके पळत होते.
तीच धूळ. अठरा पौंडांची.
म्हणजे दर रविवारी, फडकं घेऊन,
तुझ्या तोंडचा घास मीच पुसून टाकत होते,
वर तुलाच नखरेल म्हणत होते.

आता तू सकाळी तिथेच असतोस,
काचेला तोंड लावून,
टिच. थांब. टिच.
पोट अजून भरलंय असं नाही म्हणणार.
कण्याची धार जरा बोथट वाटते,
की मलाच तशी हवी आहे, कोण जाणे.

काल शेजारची युना आली, चहा घेतला,
म्हणाली, काय गं ही काच, तू आणि अशी घाण?
दे फडकं, तुझा खांदा दुखतोय तर मी पुसते.
उठलीसुद्धा.

"युना, खाली बस," मी म्हणाले,
"तो जेवतोय."